वॉरंटसाहेबांचं हवाई पथक

चालत्या पंख्याच्या समोरून जायचं नाही, हा आमच्या घरमालकांचा पहिला कायदा होता. टेबलफॅन चालू असला की त्याच्या पाठीमागून वळसा घालायचा. पंखा नेमका भिंतीला लागून असला तर ते स्वतः पलंगावर चढत, पलीकडे उतरत आणि मग खिडकी लावत. "फिरतं पातं माणूस ओळखत नाही," एवढंच कारण देत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लगीन झालं तव्हा मला वाटलं, ह्यांला बाहेरचं कायतरी लागलंय. मग कळलं, विमानाचं लागलंय. त्याला उतारा न्हाई."

त्यांचं विमानाचं लागिरं जुनं होतं. अहमदपूरकडच्या एका खेड्यातून पळून जाऊन ते हवाई दलात भरती झाले, सगळी नोकरी विमानांच्या पोटाखाली आणि पंखांखाली काढली, आणि वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन लातूरला घर बांधून राहिले. लोक त्यांना वॉरंटसाहेब म्हणत. लातुरात वॉरंट म्हटलं की पोलिसांचंच आठवायचं, त्यामुळे गंजगोलाईतल्या भाजीवाल्या त्यांना कोथिंबिरीची जुडी जरा मोठीच देत. साहेबांना वाटे, हा हवाई दलाचा मान आहे. कोणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मीही नाही, कारण ती कोथिंबीर मलाही मिळायची.

मी तेव्हा नर्सिंग संपवून बिलोलीहून नव्या नोकरीवर आले होते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. रोज कुठल्या तरी कचेरीवर नवी पाटी चढत होती आणि प्रत्येक पाटीमागे खोली शोधणारी माणसं गावभर हिंडत होती. आडनाव ऐकल्यावर "आत्ताच दिली हो खोली" म्हणणारी दोन दारं मी पाहून आले होते. तिसऱ्या दारात खाकी हाफपँट घातलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले काटकुळे गृहस्थ उभे होते. त्यांनी आडनाव विचारलंच नाही.

"रक्त बघून चक्कर येते?"

"मी नर्स आहे," मी म्हणाले.

"ते कळलं. चक्कर येते का?"

"नाही."

"सायकल येते?"

"येते."

"मग खोली तुझी. रविवारी सकाळी पट्टीवर हजर राहायचं, सिस्टर."

नव्या जिल्ह्यातली ही काहीतरी पद्धत असावी, असं समजून मी ट्रंक आत घेतली. रविवारी कळलं की मी नागरी हवाई स्वयंसेवक पथकात प्रथमोपचार प्रमुख म्हणून भरती झाले आहे. माझ्या हाताखाली कोणीच नव्हतं, पण प्रमुख मी होते.

पट्टी म्हणजे अहमदपूरच्या रस्त्याला, गावाबाहेर माळावर मुरूम दाबून केलेली धावपट्टी. जिल्हा झाल्यावर मोठी माणसं लहान विमानातून येणार म्हणून ती घाईघाईने तयार केली होती. पहिलं विमान आलं तेव्हा पट्टीवर म्हशी बसल्या होत्या. विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि हारतुरे घेतलेल्या मंडळींच्या डोक्यावरून ते परत गेलं. सगळ्या लातूरने हसून घेतलं. वॉरंटसाहेब मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले आणि एका बड्या अधिकाऱ्याला म्हणाले, पट्टीची जबाबदारी मी घेतो, फुकट घेतो, मला फक्त परवानगी द्या. अधिकारी फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली. ती मान साहेबांसाठी होती की फोनमधल्या माणसासाठी, हा वाद आमच्या पथकात शेवटपर्यंत मिटला नाही. साहेबांच्या मते मात्र सरकारने पथकाला मंजुरी दिली होती. त्यांनी त्याच दिवशी सायकलच्या मागे पथकाच्या नावाची पत्र्याची पाटी लावून घेतली.

ती सायकल हा एक स्वतंत्र विषय आहे. कुठेही थांबली तरी तिच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लागत. दगड ते पिशवीतून बरोबर नेत. निघताना रस्त्यात उभं राहून मोठ्याने तपासणी व्हायची, "ब्रेक? ठीक! घंटी? ठीक! साखळी? ठीक!" आणि मग तोंडाने नव्हे, पण चेहऱ्याने इंजिन सुरू व्हायचं. काकूंबरोबर कुठे लग्नाला निघाले तरी हेच. "चप्पल? ठीक. आहेर? ठीक. मंडळी?" काकू म्हणायच्या, "ठीक. चला आता, अक्षता पडून जातील."

गच्चीवर त्यांनी वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी पिशवी टांगली होती. ती हमीदभाई शिंप्याने शिवून दिली होती. शिवताना तो म्हणाला होता, "साब, ये पिशवी नै, पायजामे का एक पाँव है. दूसरा कब लाते?" पण त्या एका पायाचा आमच्या गल्लीला फार उपयोग झाला. साहेब रोज सकाळी गच्चीवरून वारा जाहीर करत. वारा डाळमिलांकडून असला की तुरीचा भुगा उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. त्यामुळे बायका धुणं भिजवायच्या आधी खालून ओरडत, "सायेब, आज कुनीकडून?" देशाच्या हवाई संरक्षणासाठी शिकलेलं ज्ञान धुण्यासाठी वापरलं जातंय, ह्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट एखादीने विचारलं नाही तर ते आपणहून सांगायला जात.

पथकात आम्ही आठ-नऊ जण होतो, पण रोजच्या भरवशाचे तीन. एक हमीदभाई. दुसरा माणिकराव, एसटीच्या डेपोतला मेकॅनिक, त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचंच असे. तिसरी मी. रविवारी सकाळी पट्टीवर जायचं, गुरं हाकायची, उंदरांची बिळं मुरुमाने बुजवायची, बाभळीचे काटे वेचायचे आणि मग कवायत करायची. कवायत दोन प्रकारची. हमीदभाईने जुनी धोतरं जोडून दोन लांबलचक पट्टे शिवले होते. ते जमिनीवर इंग्रजी टीसारखे अंथरले की वरच्या वैमानिकाला कळतं, कुठल्या बाजूने उतरायचं. त्यांचीच फुली केली की कळतं, उतरू नकोस. साहेब शिट्टी मारत आणि आम्ही धोतरं घेऊन धावत असू. टी सगळ्यांना आवडायचा. फुलीचा कंटाळा यायचा.

"साहेब," माणिकराव म्हणायचा, "पाव्हनाच येईना, आन आपन दार लावायची तालीम करून राहिलो."

"ज्याला दार लावता येत नाही, त्याच्या घरी पाव्हण्याने येऊ नये," साहेब म्हणत, आणि पुन्हा शिट्टी मारत.

विमानं अधूनमधून येत. पण ती आली तरी आमच्या नशिबी काय होतं? आदल्या दिवसापासून राबायचं, फक्कीच्या रेघा मारायच्या, टी अंथरायचा. मग ऐन वेळी पोलिसांची गाडी यायची, दोरी बांधायची आणि आम्हाला दोरीच्या पलीकडे काढायची. वैमानिक वायरलेसवर ऐकून उतरत. आमच्या धोतरांकडे वरून कोणी एकदाही पाहिलं नाही. साहेब दोरीमागे सावधानमध्ये उभे राहायचे, विमानाला सलाम करायचे, आणि विमानातून उतरलेली माणसं त्यांच्यासमोरून हार सांभाळत निघून जायची. घरी परतताना ते सायकलवर बसत नसत. हातात धरून चालत.

अशाच एका परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हाला शब्द दिला. रस्त्याच्या मधोमध थांबून, चाकांना दगड लावून म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना मी वर नेणार. आपल्या पट्टीवरून. एकेकाला. दुसऱ्या कोणाच्या पट्टीवरून नाही."

आम्हाला वाटलं, आज ऊन फार झालंय. पण दुसऱ्या आठवड्यापासून ते दर गुरुवारी एसटीने नांदेडला जाऊ लागले. तिथल्या धावपट्टीवर कुठल्याशा फ्लाइंग क्लबचं शिबिर चालू होतं. दोन माणसं बसतील एवढं लहान विमान आणि एक तरुण शिक्षक. साहेबांनी त्याला काही मागितलं नाही. नुसते जायचे, बादली-फडकं घ्यायचे आणि विमान पुसायचे. पुसताना पंखाला कान लावून ऐकायचे म्हणे. तो पोरगा आधी हसला, मग चहा पाजू लागला, आणि शेवटी म्हणाला, "अंकल, शिबिर संपलं की मी विमान परत घेऊन जाणार आहे. वाटेत तुमच्याकडे उतरतो. तुमच्या माणसांना एकेक फेरी मारून आणतो. पण एकदाच हं. त्यानंतर मी इकडे येणार नाही."

ही बातमी घेऊन साहेब आले त्या दिवशी त्यांनी सायकलला दगड लावले नाहीत. सायकल पडली, ते तसेच आत आले.

मग पथकाला काही सुचेना. माणिकराव डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगत सुटला की तुमच्या गाड्या आता मला मुंगीसारख्या दिसणार. हमीदभाईच्या बीवीने नवस बोलला. मी माझ्या आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस शिवून घेतला, कारण साडीत विमानात चढता येत नाही, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. आकाशी रंग, हमीदभाईने स्वतः निवडलेला. बिलोलीला बाबांना कळवलं. आमच्या वस्तीत तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं. बाबांचं उत्तर आलं, वर गेल्यावर घाबरू नकोस, आणि गेलीस की खाली आम्हाला नावासकट सांगता येईल असं काहीतरी नीट बघून ये. मी ते वाचून रडले, आणि का रडले ते मला आजही सांगता येईल. आमच्याकडची मुलगी एवढ्या उंचीवर जाणार, हे बाबांनी मनातल्या मनात सगळ्या बिलोलीला सांगून टाकलं होतं.

आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला.

दुष्काळ आम्हाला नवा नव्हता, पण हा जरा जास्तच चिवट निघाला. लातुरात टँकर आला की घागरींच्या रांगा गल्लीच्या तोंडापर्यंत लागायच्या. साहेबांनी अंघोळ एका तांब्यावर आणली आणि तिलाही तपासणी लावली. खेड्यांतून मात्र हाल कुत्रं खाईना. कडबा संपला, विहिरी आटल्या. सरकारने जनावरांच्या छावण्या काढायचं ठरवलं. सपाट जागा हवी आणि जवळ पाणी हवं. आमच्या पट्टीच्या कडेला मुरूम दाबायला पाणी लागतं म्हणून खणलेली विहीर होती आणि तिला अजून पाणी होतं. झालं. छावणी पट्टीवर पडली.

ज्या माणसाने दर रविवारी तिथून म्हशी हाकलल्या, त्याच्या डोळ्यांदेखत बैलगाड्या येऊ लागल्या. साहेब घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. काकूंनी ताट वाढलं.

"जेवा."

"भूक नाही."

"तिकडं मुक्या जनावरांला चारा मिळंना म्हनून ती तुमच्या दारी आली. आन तुमी भरल्या ताटावर रुसून राहिले व्हय?"

साहेब जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी घेऊन छावणीत गेले, आणि संध्याकाळपर्यंत छावणी त्यांची झाली.

पट्टीचा मधला भाग त्यांनी मोकळा ठेवला. दोन्ही कडांना जनावरं, विमानं उभी करतात तशी एका रेषेत, तोंडं बाहेरच्या बाजूला. दोन रांगांमध्ये चार-पाच गाड्या शेजारून जातील एवढी वाट. प्रत्येक दावणीला क्रमांक. वादळ आलं तर विमान तीन ठिकाणी बांधतात, म्हणून बैलही तीन ठिकाणी बांधा, असं त्यांनी सुचवलं तेव्हा मात्र लोकांनी ऐकलं नाही. शेवंताबाई नावाची एक म्हातारी होती, एकटी, एका गाईसोबत आलेली. नवरा गेलेला, मुलगी सासरी. तिला घरात बोलायला त्या गाईशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे तिचं सगळं बोलणं गाईला असे आणि ऐकायचं आपण. ती गाईला म्हणाली, "बग गं, सायेब तुला तीन दोऱ्या बांधा म्हनतेत. त्यांला वाटतंय तू इमान हायस. उडून जाशील."

साहेब खो खो हसले. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून शेवंताबाईच्या गाईसमोर ते रोज थांबत आणि विचारत, "इंजिन काय म्हणतंय?" शेवंताबाई म्हणायची, "गरम हाय, पन चाललंय."

मी दवाखान्यातून सुटले की छावणीत जाई. माणसांच्या हगवणीची औषधं माझ्याकडे, आणि जनावरांचं बघायला सरकारी डॉक्टर यायचे. त्यांनी आम्हाला एक गोष्ट बजावून ठेवली होती. उपाशी जनावर एकदा खाली बसलं की सहज उठत नाही. ते ओढायचं नाही, ढकलायचं नाही, नाहीतर पाय निकामी होतात. त्याला अंगाखालून आधार देऊन, धीराने उठवायचं.

विमानाचा रविवार जवळ आला. छावणी हलणार नव्हती, आणि त्या पोराला दुसरा दिवस नव्हता. साहेब नांदेडला जाऊन त्याच्याशी बोलून आले. मधली वाट विमानाला पुरेशी रुंद होती. प्रश्न जनावरांच्या बुजण्याचा होता. मग साहेबांनी रंगीत तालीम काढली. माणिकरावने डेपोतल्या कोणाची तरी राजदूत मोटारसायकल आणली आणि तिचा सायलेन्सर काढून तो रोज संध्याकाळी मधल्या वाटेने भन्नाट इकडून तिकडे जाऊ लागला. पहिल्या दिवशी जनावरांनी दावी ताणली. चौथ्या-पाचव्या दिवशी माणिकराव ओरडत गेला तरी बैल रवंथ करत बसले. साहेब खूश झाले. शेतकरीही खूश झाले, कारण एव्हाना विमान सगळ्या छावणीचं झालं होतं. "आमच्याकडं इमान येनार हाय" असं ते टँकरवाल्याला सांगत.

त्या खुशीतच सगळं बिनसलं.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तर छावणी सजलेली होती. पोळा लांब होता, वैरण मोजून-मापून मिळत होती, तरी लोकांनी आपापल्या गाडीतून घुंगरमाळा काढून जनावरांच्या गळ्यात घातल्या होत्या. शिंगांना बेगड लावली होती. पाहुणा येतोय आणि बैल तसेच कसे उभे करायचे, असा त्यांचा साधा हिशोब. शेवंताबाईने गाईच्या कपाळाला कुंकू लावलं होतं आणि तिलाही एक माळ. साहेब रांगांमधून चालत गेले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते घुंगरांना काही म्हणाले नाहीत, आणि आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही काही आलं नाही. आम्ही तर टाळ्या वाजवल्या.

आम्ही टी अंथरला. मी आकाशी ड्रेसमध्ये, औषधांची पेटी घेऊन उभी. माणिकराव डोक्याला तेल लावून. हमीदभाई अत्तर लावून. पोलीस नव्हते, दोरी नव्हती. पट्टी सगळी आमची होती.

उत्तरेकडून आवाज आला. मग ठिपका. मग पंख दिसले. "पहिल्यांदा तो नुसता वरून जाईल," साहेब म्हणाले. "जागा बघून घेईल. मग वळून उतरेल."

तो खाली आला आणि आमच्या डोक्यावरून गेला. राजदूत जमिनीवरून धावायची. हा आवाज आभाळातून पडला आणि त्याच्याबरोबर सावली धावत आली. एका बैलाने हिसका दिला, त्याची माळ वाजली. त्या माळेला शेजारचा बुजला, त्याची वाजली. बघता बघता दोन्ही रांगांत घुंगरं खणाणू लागली आणि प्रत्येक जनावर शेजारच्या गळ्यातल्या आवाजाला भिऊन दावं तोडायला लागलं. लोक वेसणींना लोंबकळले. पाच-सहा सुटली. शेवंताबाईची गाय मधल्या वाटेवर आली, दोन पावलं पळाली आणि गुडघ्यांवर बसली. मग एका कुशीवर कलंडली.

पलीकडे विमान वळत होतं. आता ते उतरणार होतं.

"फुली," साहेब म्हणाले.

आम्ही ऐकलं, पण कोणी हललं नाही. खरं सांगते, मला वाटलं, चुकून बोलले. माणिकराव पुढे झाला. "साहेब, दोघं-चौघं मिळून बाजूला वढतो की गाईला. लई येळ न्हाई लागनार!"

"ओढायची नाही."

शेवंताबाई गाईच्या मानेवर हात ठेवून बसली होती. तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "वढा सायेब. माज्यापायी नका थांबवू. एवढे दिस वाट बगितली तुमी."

"बाई, तुम्ही गाईपाशी थांबा," साहेब म्हणाले. मग त्यांनी शिट्टी मारली. कवायतीला मारत तशी, लांब. "फुली!"

आणि पाय आपोआप धावले. एवढ्या रविवारांची सवय. मी एक टोक धरलं, हमीदभाईने दुसरं, माणिकरावने टी मोडला. धोतर ओढताना मला इतका राग आला होता की डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांना काय सांगू, हाच विचार. पण फुली सरळ आली. वाकडी करायची सोयच नव्हती.

विमान समोरून खाली उतरत आलं. चाकं दिसली. पोराचा चष्मासुद्धा दिसला. मग इंजिनाचा सूर बदलला, नाक वर झालं, आणि ते आमच्यावरून न जाता बाजूने, दूर माळावरून वर चढलं. वर गेल्यावर त्याने पंख डावीकडे झुकवले, उजवीकडे झुकवले, आणि विमान सरळ निघून गेलं. ठिपका झाला. मग तोही नाही.

घुंगरं हळूहळू थांबली. साहेब आमच्याकडे पाठ करून उभे होते. शेवटी वळले तेव्हा चेहरा पार उतरलेला. "मी तुम्हाला शब्द दिला होता," ते म्हणाले.

हमीदभाईने धोतरावरची धूळ झटकली आणि विचारलं, "साब, जाते जाते उसने पंख हिलाए. वो काय कू?"

"त्याचा अर्थ, समजलं. तुमची खूण मिळाली, तसं करतो."

"म्हंजे," माणिकराव हळूच म्हणाला, "त्यानं आपलं वाचलं?"

"हो."

"आन आपलं ऐकलं?"

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग धोतरांकडे. मग रिकाम्या आभाळाकडे. मी त्यांचा चेहरा बघत होते, आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. इतकी वर्षं दोरीच्या मागे उभा राहिलेला माणूस. पहिल्यांदाच वरच्याने खाली बघितलं होतं, आणि आम्ही सांगितलं तसं केलं होतं.

"ऐकलं," साहेब म्हणाले. मग मोठ्याने, "ऐकलं की रे त्याने! आपल्या पथकाचं ऐकलं!" आणि आनंदाने शिट्टी तोंडात घालून त्यांनी अशी काही मारली की अख्ख्या छावणीची घुंगरं पुन्हा खणाणली.

"ओ सायेब!" शेवंताबाई ओरडली. "ती पिपानी गप करा! आता दुसरीबी पाडता काय?"

सगळे हसले. साहेबांनी शिट्टी काढून खिशात घातली. आम्ही पोती आणली, गाईच्या पोटाखाली सारली. माणिकराव एका बाजूला, हमीदभाई दुसऱ्या बाजूला, मी शेपटीकडे, शेणात घोट्यापर्यंत. साहेब समोर जाऊन उभे राहिले, गाईच्या डोळ्यांत बघत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे आभाळाकडे, आणि विमानाला देतात तसा इशारा देऊ लागले. वर. हळू. वर. आवाज अजिबात नाही. गाईचे मागचे पाय थरथरत ताठ झाले, मग एक गुडघा सुटला, मग दुसरा. आम्ही हात काढून घेतले तरी ती उभीच राहिली. साहेबांचे हात मात्र अजून वरच होते.

"उठली बगा," शेवंताबाई म्हणाली. "ठिवा आता हात खाली."